कुलमुखत्यारपत्र करताना

घरपोच मालवाहतुकीच्या धंद्याचा मालक दवाखान्यात असला, की चेकवरची सही, टेम्पोच्या विम्याचा दावा, आरटीओतली कामं सगळंच अडतं. म्हणून आपल्या वतीने कामं करण्याचा अधिकार दुसऱ्याला देणारं कुलमुखत्यारपत्र वेळेत करून ठेवावं. त्यात ‘सर्व अधिकार’ असं मोघम मुळीच लिहू नये. गाड्यांचे क्रमांक, बँक खातं, रकमेची मर्यादा नोंदवा. गाडी विकण्याचा किंवा कर्ज काढण्याचा अधिकार द्यायचा नसेल, तर तेही स्पष्ट लिहा. नोटरीसमोर केलेलं पत्र अस्सल असल्याचं न्यायालय गृहीत धरतं. मालकाच्या मृत्यूनंतर मात्र, भारतीय करार कायद्याच्या (१८७२) कलम २०१ नुसार, साधारणपणे हा अधिकार संपतो. पत्र रद्द केलंत तर बँकेला आणि नेहमीच्या व्यापाऱ्यांना लगेच लेखी कळवा. कलम २०८ प्रमाणे, त्यांना कळेपर्यंत त्यांच्यापुरता तो अधिकार चालूच राहतो.