फोनला वायफाय मिळते, मग गेम कन्सोलला का नाही?

हातात धरून खेळायचा गेम कन्सोल घरच्या वायफायला जोडला गेला नाही, की बहुतेक घरांत एकच निष्कर्ष निघतो: शेजारच्या फोनवर नेट चालते, म्हणजे कन्सोलच बिघडला. हा निष्कर्ष बहुधा चुकतो. फोन आणि राउटर काही वर्षांनी बदलले जातात. कन्सोल मात्र तो बनला त्या काळचाच रेडिओ बाळगून असतो. २०११ मध्ये आलेल्या निन्टेंडो ३डीएसला फक्त २.४ गिगाहर्ट्झचा बँड कळतो. सोनीच्या पीएसपी आणि व्हिटाचेही तसेच. राउटरवर केवळ ५ गिगाहर्ट्झचे नेटवर्क सुरू असेल, तर या यंत्रांच्या यादीत त्याचे नावच येत नाही. पीएसपी तर ८०२.११बी ही सर्वांत जुन्यांपैकी एक पद्धत वापरतो. राउटरमध्ये ती बंद असली की जोडणी होत नाही. शिवाय पीएसपीच्या अंगावर वायफायचे छोटे बटण असते. आधी तेच पाहावे.

अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणलेल्या कन्सोलबाबत आणखी एक अडचण येते. २.४ गिगाहर्ट्झवर तिकडे १ ते ११ चॅनेल वापरले जातात, भारतात १३ पर्यंत. राउटरने आपोआप १२ किंवा १३ निवडला, तर तिकडच्या यंत्राला नेटवर्क दिसत नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये १, ६ किंवा ११ पक्का केला की प्रश्न मिटतो.

‘पासवर्ड बरोबर आहे, म्हणजे सुरक्षेचा प्रश्न नाही’ हाही गैरसमजच. राउटर केवळ डब्ल्यूपीए३ या नव्या सुरक्षा पद्धतीवर ठेवला असेल, तर ३डीएसला बरोबर पासवर्ड देऊनही प्रवेश मिळत नाही. डब्ल्यूपीए२ किंवा दोन्हींचा मिश्र पर्याय निवडावा लागतो. २००४ च्या निन्टेंडो डीएसला तर फक्त डब्ल्यूईपी ही जुनी पद्धत समजते. त्यासाठी संपूर्ण घराचे वायफाय डब्ल्यूईपीवर आणण्याचा किंवा पासवर्डच काढून टाकण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. तो धोक्याचा आहे. डब्ल्यूईपीतील मूलभूत दोष २००१ मध्येच उघड झाला असून सहज मिळणाऱ्या साधनांनी ती काही मिनिटांत फोडता येते. एका जुन्या खेळासाठी घरातले बँकेचे व्यवहार ज्या नेटवर्कवर चालतात ते उघडे टाकू नये.

वायफायच्या खुणेतील सगळ्या रेघा भरलेल्या दिसल्या, की इंटरनेटही चांगले असणार असे मानले जाते. त्या रेघा कन्सोल आणि राउटर यांच्यातील अंतरापुरतेच सांगतात. त्यापुढच्या वाटेबद्दल काहीच नाही. अनेक ऑनलाइन खेळांत दुसऱ्या खेळाडूशी थेट जोडणी लागते आणि ती अनेकदा एनएटीपाशी, म्हणजे अनेक यंत्रांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवणाऱ्या व्यवस्थेपाशी, अडते. निन्टेंडो स्विचमध्ये सिस्टिम सेटिंग्जच्या इंटरनेट विभागात जोडणीची चाचणी घेता येते. तिथे एनएटीचा प्रकार ए किंवा बी आला तर सहसा अडचण येत नाही. डी आला तर डाउनलोड उत्तम असूनही सामना जुळायला अडचण येऊ शकते. राउटरमध्ये यूपीएनपी (यंत्रांना आपोआप वाट उघडून देणारी सोय) सुरू केल्याने बरेचदा सुधारणा होते. मात्र राउटरच्या बाहेरच्या बाजूचा आयपी पत्ता १००.६४ ते १००.१२७ या आकड्यांनी सुरू होत असेल, तर अडथळा घरात नाही. सेवा देणाऱ्या कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. अशा वेळी राउटरशी खटपट करण्यात वेळ घालवू नये. कंपनीकडे स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मागावा.

ज्या कन्सोलला दोन्ही बँड चालतात, त्यावर ५ गिगाहर्ट्झ नेहमीच सरस असते असेही नाही. राउटर त्याच खोलीत असेल तर ते निश्चित चांगले, कारण २.४ वर ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह यांची गर्दी असते. दोन भिंती आड आल्या, की ५ गिगाहर्ट्झ लवकर क्षीण होते आणि जुना बँडच टिकतो.

काहीच जमले नाही की कन्सोल फॉरमॅट करण्याची घाई होते. ३डीएस फॉरमॅट केल्यास त्यातील सॉफ्टवेअर आणि जपलेला खेळ पुसला जातो, आणि दोष राउटरमध्ये असेल तर तो तसाच राहतो. फक्त जुनी वायफाय नोंद पुसून नव्याने भरणे अनेकदा पुरेसे असते.

शेवटची शक्यता अशी, की जोडणी निर्दोष असते आणि पलीकडे कोणीच नसते. डीएसची अधिकृत ऑनलाइन सेवा २० मे २०१४ रोजी आणि ३डीएसवरील ऑनलाइन खेळ ८ एप्रिल २०२४ रोजी बंद झाला. मात्र जवळ बसलेल्या दोघांचा स्थानिक वायरलेस खेळ थेट कन्सोल ते कन्सोल चालतो. त्याला राउटरही लागत नाही आणि इंटरनेटही नाही.