व्यक्तिचित्र कसे पाहावे?

पुण्याहून नगर रस्त्याने वाघोलीस गेले की वाघेश्वर मंदिराच्या परिसरात पिलाजीराव जाधवराव यांची समाधी दिसते. छत्रपती शाहू महाराजांच्या काळातील या सरदाराचा मान दगडी बांधकामावरून समजतो. मुद्रा मात्र समजत नाही. मान आणि मुद्रा या दोहोंची एकत्र नोंद ठेवण्याचे सामर्थ्य व्यक्तिचित्रात असते.

पुण्यातच घडलेले एक उदाहरण पाहू. १७९२ साली जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने सवाई माधवराव पेशवे व नाना फडणीस यांचे तैलचित्र रंगविले. ते आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या संग्रही आहे. पेशवे बैठकीवर विराजमान, शेजारी नाना, मागे सेवक उभे, अशी त्याची मांडणी आहे. कोण बसला व कोण उभा, एवढ्यावरूनच दरबारातील दर्जा कळतो. पेशव्यांच्या अंगावरील मोती व अलंकार पदाचे वैभव दाखवितात. नानांचा पोशाख मात्र साधा, पांढरा आहे. अठरा वर्षांचे पेशवे गादीचे धनी होते. कारभाराची सूत्रे पन्नाशीतील नानांच्या हाती होती. हा इतिहास ठाऊक असला म्हणजे त्या साधेपणातील अधिकार जाणवू लागतो.

म्हणून चित्र पाहताना तीन गोष्टी क्रमाने पाहाव्यात. बैठक व पोशाख यांवरून पद समजते. हाताजवळील शस्त्र, ग्रंथ वा कागद यांवरून कार्य समजते. डोळे, ओठ व हात यांवरून स्वभावाचा अंदाज येतो. अंदाज म्हणण्याचे कारण असे की, व्यक्तिचित्र हे बहुधा सांगून काढविलेले असते. व्यक्ती कशी होती यासोबतच ती कशी दिसू इच्छीत होती, हेही त्यात उतरते. शिक्षकांनी विद्यार्थ्यांस हा भेद अवश्य दाखवावा.

शाळा, वाडे व ग्रामपंचायत कार्यालये यांतून अशी अनेक चित्रे आहेत. वाघोली २०२१ मध्ये पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाली. असे स्थित्यंतर होताना दप्तराची मोजदाद होते. भिंतीवरील चित्रांचीही व्हावी. ओल व ऊन यांपासून चित्र दूर ठेवावे. चित्रातील व्यक्ती, चित्रकार व वर्ष यांची नोंद वेगळ्या वहीत करावी. जाणती माणसे हयात आहेत तोवरच हे शक्य आहे. नाव हरवलेल्या चित्रात पोशाख उरतो, माणूस उरत नाही.