‘क’ ते ‘ग’ : संगणकाच्या यादीतली नावे

आमच्या घरात यादीत नाव शोधायचा प्रसंग आजवर येई तो रेशनच्या नाही तर मतदारांच्या यादीत. महाविद्यालयात पाऊल टाकल्यापासून मात्र प्रवेश, शिष्यवृत्ती, परीक्षा अशा याद्यांमागून याद्या लागतात आणि त्या साऱ्या संगणकातून निघतात. संध्याकाळी मी एस्क्यूएलच्या वर्गाला जाते. तेथे जे उमगले ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटते. कलाशाखेच्या विद्यार्थ्यांना हा विषय परका वाटेल, पण मुळात तो वर्णमालेचाच आहे.

एस्क्यूएल म्हणजे कोष्टकांत साठविलेल्या माहितीला प्रश्न विचारण्याची भाषा. कॉड यांनी १९७० साली मांडलेल्या विचारावरून आयबीएममधील चेंबरलिन व बॉइस यांनी ती १९७४ साली पुढे आणली. इतिहास एवढा पुरे.

समजा, ‘क’ ते ‘ग’ आडनावांच्या विद्यार्थ्यांना सोमवारी पुस्तके द्यायची आहेत. सरळ मनाचा माणूस लिहितो : आडनाव बिटवीन 'क' अँड 'ग'. यादी निघते. तीत कदम असतात, खरात असतात. गायकवाड, गवळी, गोरे यांपैकी एकही नसतो! संगणक शब्दकोशाप्रमाणे एकेक अक्षर ताडून पाहतो. ‘ग’ हा शब्द एका अक्षरात संपला, ‘गवळी’ पुढे चालू राहिला. म्हणून ‘गवळी’ हा ‘ग’च्या नंतरचा, अर्थात हद्दीबाहेरचा. ज्याचे आडनावच नुसते ‘ग’ असेल त्याला तेवढी पुस्तके मिळतील.

कोणी म्हणेल, शेवटी 'गह' लिहा, ‘ह’ तर जवळजवळ शेवटचाच. पण देवनागरीच्या युनिकोड क्रमात काना, मात्रा, वेलांट्या ‘ह’च्याही पुढे बसविल्या आहेत. संगणक नुसत्या या अंकांवर क्रम लावीत असेल, तर गवळी आत येतात आणि गायकवाड, गोरे पुन्हा दाराबाहेर! उपाय असा, की शेवट सांगूच नये, पुढच्या अक्षराची वेस सांगावी : आडनाव >= 'क' अँड आडनाव < 'घ'. मग ‘ग’चे सारे कुटुंब आत येते. एकाच अक्षराची नावे हवी असतील तर लाइक 'ग%' पुरते.

मराठीची खरी गंमत पुढे आहे. शाळेत आपण ‘ह, ळ, क्ष, ज्ञ’ असे घोकले. युनिकोडमध्ये ‘ळ’ हा ‘ल’ व ‘व’ यांच्या मध्ये आहे. त्यामुळे काळे हे कावळ्यांच्या आधी येतात. ‘क्ष’ला स्वतंत्र घरच नाही, तो क, हलन्त आणि ष मिळून होतो. म्हणून क्षीरसागर ‘ह’नंतर सापडत नाहीत, ते ‘क’च्या रांगेत अगदी शेवटी उभे असतात. क्रमाचे हे नियम, ज्यांना कोलेशन म्हणतात, मराठीप्रमाणे निवडता येतात. मात्र ते कोणी तरी निवडावे लागतात. तोवर क्षीरसागरांनी आपले नाव सोमवारच्या यादीतच पाहावे.