ब्रेक नसलेली गाडी

१९८७-८८च्या सुमारास मी नाशिकच्या एका शाखेत रोख विभागाचा अधिकारी होतो. शाखेपासून चार दुकाने सोडून व्हिडिओ गेमचे एक पार्लर निघाले होते. त्याचा चालक आठवड्यातून दोनदा जाड कापडी पिशवी घेऊन येई आणि काउंटरवर रुपया-रुपयाची नाणी ओती. ती मोजता मोजता आमच्या रोखपालाची बोटे काळी पडत. मी बाजूला उभा राहून मनाशी म्हणे, ही सारी पोराटोरांच्या खाऊची रक्कम!

आमचे एक खातेदार किराणा मालाचे व्यापारी होते. एके दिवशी त्यांनी मला हलक्या आवाजात सांगितले, "साहेब, गल्ल्यातून रोज चार-पाच रुपये कमी भरतात. धाकटा त्या पार्लरात उभा असतो." मी तत्काळ अभिप्राय दिला, "शेठजी, त्याला गल्ल्यावर बसवूच नका." त्यांनी माझा शब्द प्रमाण मानला. चौदा वर्षांचा तो मुलगा पुढे दोन वर्षे दुकानाच्या गल्ल्याला शिवला नाही आणि बाप-लेकांत बोलणेही जेमतेम उरले. गल्ल्यातून पैसे उचलणे वाईट, याविषयी माझे मत आजही तेच आहे. परंतु त्या पार्लरमध्ये मी स्वतः कधी पाऊल टाकले नव्हते. तारण न पाहता कर्जाची शिफारस करणाऱ्या अधिकाऱ्याला आम्ही मेमो देत असू. मला मेमो देणारे कोणी नव्हते, एवढेच.

हे सारे आठवण्याचे कारण गेल्या उन्हाळ्यात घडले. शिकागोला लेकीकडे गेलो असता बारा वर्षांच्या नातवाच्या गेमवेडावरून मी तिलाही तोच जुना सल्ला ऐकवला. ती म्हणाली, "बाबा, एकदा बघा तर खरं, मग बोला." शनिवारी तिने आम्हा दोघांना ब्रुकफील्ड या उपनगरात नेऊन सोडले. तेथे गॅलपिंग घोस्ट नावाचे आर्केड आहे. २०१० साली सुरू झालेल्या या जागेत जुनी शेकडो यंत्रे चालू स्थितीत जपली आहेत. दारात एकरकमी प्रवेशशुल्क भरले की दिवसभर कोणत्याही यंत्रावर खेळा, नाणे टाकायचे नाही. माझ्या जुन्या आक्षेपातली निम्मी हवा तेथेच गेली.

नातवाने मला ज्या यंत्रासमोर उभे केले, त्याचे नाव 'स्पाय हंटर'. १९८३ साली बॅली मिडवे या कंपनीने ते बाजारात आणले. कंपनीचे ठिकाण फ्रँकलिन पार्क, म्हणजे शिकागोचेच उपनगर. पिनबॉलच्या काळापासून अशा नाणेयंत्रांचा व्यवसाय या शहराच्या आसपास एकवटला होता. आपल्याकडे कापड म्हटले की इचलकरंजी आठवावी, तसे अमेरिकेत या यंत्रांच्या बाबतीत शिकागो. या खेळाचे मुख्य रचनाकार जॉर्ज गोमेझ. जेम्स बाँडच्या चित्रपटांचे संगीत ऐकत असताना त्यांना ही कल्पना सुचली, असे त्यांनी सांगितले आहे. बाँडच्या नावाचा परवाना मात्र मिळू शकला नाही. म्हणून बाँडची धून वगळून 'पीटर गन' या १९५८च्या दूरचित्रवाणी मालिकेची धून घेतली गेली. ती हेन्री मॅन्सिनी यांची. खर्जातल्या त्याच त्या सुरांची आवर्तने चालू राहतात आणि ऐकणाऱ्याचा पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर दाबला जातो. माझ्या पायाचे तसेच झाले.

नाव गेले तरी बाँडची छाप पुसलेली नाही. १९६४च्या 'गोल्डफिंगर' चित्रपटातील ॲस्टन मार्टिन गाडी मागे तेल सांडते, धूर सोडते, पुढून गोळ्या झाडते. या खेळातल्या पांढऱ्या गाडीजवळ तीच आयुधे आहेत. त्याच चित्रपटात बाँडच्या चाकातून बाहेर येणारे, दुसऱ्याचा टायर फाडणारे पाते येथे मात्र शत्रूच्या गाडीला दिले आहे. १९७७च्या चित्रपटात बाँडची लोटस गाडी पाण्यात शिरून पाणबुडी होते. येथे रस्ता फुटून नदीकडे वळतो, नावघरातून गाडी आत जाते आणि मोटरबोट होऊन बाहेर पडते.

गुप्तहेराचे खेळ तेव्हा आणखीही होते. त्याच वर्षी जपानच्या टायटो कंपनीने 'एलिव्हेटर ॲक्शन' काढला. त्यातला हेर ३० मजली इमारतीच्या छतावरून शिरतो आणि लिफ्टने उतरत उतरत गुप्त कागद गोळा करतो. तोही मी खेळलो. चांगला आहे, पण लिफ्टची वाट पाहण्यात बँकेतली नोकरी आठवली.

'स्पाय हंटर'मध्ये आपण रस्त्याकडे आकाशातून पाहतो. रस्ता वरून खाली सरकत राहतो. हातात विमानाच्या सुकाणूसारखे चक्र असून त्यावरच बंदूक, क्षेपणास्त्र, धूर व तेल यांची बटणे आहेत. गिअर दोनच, पायाशी ॲक्सिलरेटर एक, आणि ब्रेक नाही. मी सवयीने डावीकडे पाय चाचपडत राहिलो आणि पहिली गाडी झाडीत घातली.

रस्त्यावरची सगळी वाहने शत्रूची नाहीत, आणि माझ्या मते या खेळाचे मर्म त्यातच आहे. कोणी टायर फाडणारा असतो. कोणाची गाडी अशी चिलखती की गोळी लागत नाही, तिला बाजूने ढकलूनच रस्त्याबाहेर काढावे लागते. एका लांबलचक काळ्या गाडीतून बंदूकधारी नेम धरतो. वर हेलिकॉप्टर घिरट्या घालून रस्त्यावर बॉम्ब टाकते. या गर्दीतच साध्या लोकांच्या मोटारी आणि मोटरसायकली आपापल्या कामाला निघालेल्या असतात. पुढे दिसणारे वाहन कोणाचे, हे अर्ध्या क्षणात ओळखायचे असते. माझा अंगठा बंदुकीच्या बटणावरून हलेना. पहिल्याच मिनिटात मी एक निरुपद्रवी गाडी उडवली.

"आजोबा, ती साधी गाडी होती!" नातू ओरडला.

तेवढ्यात माझे लक्ष गुणांच्या आकड्याकडे गेले. तो थांबला होता. गाडी धावत होती, गोळ्या सुटत होत्या, पण जमेच्या बाजूला काहीही पडत नव्हते. निरपराध वाहन नष्ट केले की काही क्षण गुण मिळणे बंद होते, असा या खेळाचा नियम आहे. गाडी रस्ता सोडून कडेच्या मातीत गेली, तरी आकडा गोठतो. एरवी नुसते रस्त्यावरून पुढे जात राहिले तरी गुण वाढत असतात, हे विशेष! छत्तीस वर्षे दुसऱ्यांची खाती तपासलेल्या माणसाला हा हिशेब फार आवडला. नियम कोणी वाचून दाखवत नाही, दंडाची पावती फाडत नाही. फक्त जमा थांबते.

दुसरी गोष्ट अधिक व्यापारी वळणाची आहे. खेळ सुरू होताच पडद्यावर ९९९ हा आकडा झळकतो आणि झपाट्याने उतरू लागतो. तो शून्यावर येईपर्यंत गाड्या कितीही फुटोत, नवी मिळत राहते. शून्यानंतर मात्र गुणांच्या बळावर कमावलेल्या गाड्याच हाताशी राहतात. हप्ते सुरू होण्यापूर्वी नव्या उद्योजकाला आम्ही सवलतीची मुदत देत असू, तिचीच ही प्रतिकृती. त्या काळी अमेरिकेत पंचवीस सेंटचे नाणे टाकून खेळ सुरू होई. नवखा माणूस दहा सेकंदांत बाद झाला तर पुन्हा नाणे टाकणार नाही, हे यंत्राच्या मालकाला पुरते ठाऊक. म्हणून थोडा वेळ हमखास द्यायचा आणि गोडी लागली की तेवढ्यात हात आखडायचा. आपल्यापैकी ज्यांचे फरसाणाचे दुकान आहे, त्यांना गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवलेल्या चिमूटभर शेवेचा अर्थ समजावून सांगायला नको.

नाणे गिळण्याची ही योजना आहे, हे मी नाकारत नाही. खेळाला शेवट नाही. रस्ता संपत नाही, गाड्या संपतात. तरीही याला जुगार म्हणणे मला आता पटत नाही. जुगारात गेलेले पैसे परत मिळतील ही आशा माणसाला बसवून ठेवते. हे यंत्र पैसा परत देत नाही आणि तसे कबूलही करत नाही. ते केवळ वेळ विकते, तोही खेळणाऱ्याच्या कौशल्यानुसार कमी-अधिक. माझ्या वाट्याला दोन-अडीच मिनिटे आली. नातू त्याच गाडीवर वीस मिनिटे टिकला आणि त्या काळात त्याने साध्या मोटारींपैकी एकीलाही धक्का लावला नाही. रस्त्यात लाल ट्रक आला की तो गती जुळवून हळूच मागच्या फळीवरून आत शिरे व नवे आयुध घेऊन बाहेर पडे. वेग वाढवण्यापेक्षा तो कितीदा कमी करत होता, हे मी मोजू लागलो आणि मोजता मोजता चुकलो.

मी अकरा वेळा खेळलो. नाणी टाकावी लागली असती तर अकरा नाणी झाली असती. लेक घ्यायला आली तेव्हा मीच तिला दहा मिनिटे थांबवले. गाडीत बसल्यावर तिने काही विचारले नाही, यात तिचा समंजसपणा.

परतल्यावर दिवाळीच्या आधी नाशिकला जाणे झाले. ते किराणा दुकान आता धाकटाच सांभाळतो. शेठजी जाऊन बरीच वर्षे झाली. पन्नाशी उलटलेला तो गृहस्थ गल्ल्यावरून उठून माझ्या पाया पडला. चहा येईतो मी त्याला म्हणालो, "तुला गल्ल्यापासून दूर ठेवा असं तुझ्या वडिलांना मीच सांगितलं होतं."

"ठाऊक आहे, साहेब. बाबांनीच सांगितलं होतं."

"कोणता खेळ होता रे तो?"

त्याला नाव आठवेना. "एक गाडी होती," तो म्हणाला, आणि गल्ल्याच्या फळीवर दोन्ही हात ठेवून त्याने एक अदृश्य चक्र डावीकडे वळवले. "पण एका रुपयात मी किती वेळ टिकायचो, ते विचारा ना!"

मी विचारले.