आंबवलेला गोरेपणा

खदिरारिष्टाची बाटली उघडली की आधी नाकात शिरतो तो आंबूस, मद्यार्काचा वास. हा मद्यार्क कोणी वरून ओतलेला नसतो. खैर, देवदार, बावची, दारुहळद, त्रिफळा यांच्या काढ्यात मध, साखर आणि धायटीची फुलं घालून भांड्याचं तोंड महिनाभर बंद ठेवायचं. यीस्ट साखर खातं आणि मद्यार्क आतच तयार होतो. हे औषध त्वचाविकारांवर पोटातून घ्यायचं. गोरं होण्याशी त्याचा काही संबंध नाही. उलट त्यातली बावची वैद्य कोडावर देतात, म्हणजे गेलेला रंग परत यावा म्हणून!

आंबवल्याने वनस्पतीत खरोखर फरक पडतो. अनेक गुणकारी द्रव्यं वनस्पतीत साखरेच्या रेणूला जोडलेली असतात. जिवाणूंची विकरं ती साखर तोडतात आणि उरलेला लहान रेणू शरीरात सहज शोषला जातो. कोरियातल्या जिनसेंगचं उदाहरण नेहमी दिलं जातं. त्यातल्या जिनसेनोसाइडपासून आंबवताना ‘कंपाउंड के’ बनतं. एरवी हे काम आपल्या आतड्यातले जिवाणू करतात, पण प्रत्येकाच्या पोटात ते सारख्याच जोमाने होत नाही. आंबवलेल्या जिनसेंगचं आकर्षण आहे ते यामुळे.

रंग उजळवण्याच्या धंद्याचा एक मोठा धागा मात्र जपानी बुरशीकडे जातो. साके आणि मिसो ज्या कोजी बुरशीवर बनतात, तिच्यातून १९०७ साली साइतो या संशोधकाने कोजिक आम्ल वेगळं केलं. त्वचेत मेलॅनिन बनवणाऱ्या टायरोसिनेज या विकराच्या गाभ्यात तांबं असतं. कोजिक आम्ल नेमकं त्या तांब्याला धरतं आणि विकराचं काम मंदावतं. आज आपल्याकडच्या औषधाच्या दुकानांतल्या डागांवरच्या क्रीमवरही हे नाव छापलेलं दिसतं.

एवढ्या भांडवलावर शोधनिबंधांचं पीक आलं. अमुक वनस्पती, तमुक लॅक्टोबॅसिलस, आणि निष्कर्ष ठरलेला: आंबवल्यावर गुण वाढले. ते मोजले कसे, हे बघण्यासारखं आहे. अँटिऑक्सिडंट शक्तीसाठी डीपीपीएच नावाच्या जांभळ्या द्रावणात अर्क टाकतात. जांभळा रंग जाऊन पिवळा होत गेला की अर्क पास. उजळपणासाठी टायरोसिनेज वापरतात ते बहुधा बाजारातल्या पांढऱ्या अळंबीचं, कारण ते स्वस्त मिळतं. अळंबीच्या विकराला रोखणारं द्रव्य माणसाच्या विकरापुढे लुळं पडू शकतं; खुद्द कोजिक आम्लाचं तसंच होतं. शिवाय आंबवलेला अर्क आंबट असतो. आम्लता वाढली की टायरोसिनेज तसंही थंडावतं. ती आधी जुळवून घेतली नसेल, तर श्रेय वनस्पतीचं की नुसत्या आंबटपणाचं? माझ्या मते अँटिऑक्सिडंटचा दावा निदान तपासण्याजोगा आहे. गोरेपणाचा दावा मात्र परीक्षानळीतून थेट गालावर उडी मारतो.

ही उडी कुठे पडू शकते, ते जपानने पाहिलं. ऱ्होडोडेंड्रॉल हे काही झाडांच्या सालीतही सापडणारं द्रव्य. ते आंबवलेलं नव्हतं, पण निशाणा तोच, टायरोसिनेज. कानेबो कंपनीने ते उजळपणाच्या क्रीममध्ये घातलं, तेही सरकारी मंजुरी घेऊन. जुलै २०१३मध्ये सगळा माल परत मागवावा लागला. त्वचेतलं विकर या द्रव्याचंच रूपांतर विषारी क्विनोनमध्ये करत होतं आणि रंगपेशी मरत होत्या. १९ हजारांहून अधिक लोकांच्या चेहऱ्यावर, मानेवर, हातांवर कोडासारखे पांढरे चट्टे उठले. क्रीम थांबवल्यावर बऱ्याच जणांचा रंग परतला, सगळ्यांचा नाही.

आपल्याकडे चरकाने वर्ण्य गणात चंदन, वाळा, ज्येष्ठमध, मंजिष्ठा, अनंतमूळ अशी द्रव्यं सांगितली आहेत. वर्ण सुधारणं म्हणजे कांती निरोगी राखणं. जाहिरातवाल्यांनी मात्र त्याचा गोरेपणा करून टाकला. १९७५पासून विकल्या जाणाऱ्या ‘फेअर अँड लव्हली’ने २०२०मध्ये नावातलं ‘फेअर’ काढून ‘ग्लो’ घातलं. आता पुढच्या बाटलीवर ‘फर्मेंटेड’ छापलेलं असेल, तर गिऱ्हाइकाने एवढंच विचारावं: चाचणी माणसाच्या त्वचेवर झाली, की अळंबीवर?