नऊची तार घ्यावी, की दहाची?

वाद्यांच्या दुकानात जाऊन विद्युत गिटारच्या तारा मागितल्या, तर दुकानदार उलट प्रश्न करतो, “कितीच्या देऊ? नऊच्या, की दहाच्या?” नव्याने शिकणारा मुलगा येथे हमखास गोंधळतो. मग शेजारी उभा असलेला एखादा जाणता सल्ला देतो, “जाडच घे. खरा आवाज जाड तारेचाच!” मुलगा अकराच्या तारा घेऊन घरी जातो, आठवड्याभरात बोटांना फोड येतात आणि गिटार आपल्याला जमणारच नाही, अशी त्याची समजूत होते. वास्तविक त्याच्या हातात काही उणे नसते. तारेची जाडी आणि तिचा ताण यांचा संबंध त्याला कोणी समजावून सांगितलेला नसतो, एवढेच. हा संबंध समजायला शाळेतले पदार्थविज्ञान पुरेसे आहे.

प्रथम हे आकडे कसले, ते पाहू. विद्युत गिटारच्या संचात सहा तारा असतात व संचाला नाव पडते ते सर्वांत बारीक, म्हणजे पहिल्या तारेवरून. ‘दहाची’ म्हणजे इंचाचे हजार भाग केले, तर त्यांतील दहा भाग जाडीची, मिलिमीटरमध्ये ०.२५४. नऊची तार ०.२२९ मि.मी. दोघींमधला फरक एका मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाएवढा! तुमच्या प्रयोगशाळेतल्या स्क्रूगेजचे लघुतम माप ०.०१ मि.मी. असते. म्हणजे नऊची तार काढून दहाची ठेवली, तर स्क्रूगेजवर जेमतेम दोन-तीन खुणांचा फरक दिसेल. (साध्या तारांसाठी वापरतात त्या ब्रिटिश गेजमध्ये आकडा वाढला, की तार बारीक होत जाते. गिटारचे उलट आहे. आकडा वाढला, की तार जाड. या दोहोंची गल्लत करू नये.)

इतक्या किरकोळ फरकाने काय बिघडणार, असे तुम्हांला वाटेल. पण बोटांना तो चटकन कळतो. का, ते पाहण्यासाठी आपल्याला सतराव्या शतकातील पॅरिसला जावे लागेल.

मारँ मेर्सेन हा फ्रेंच धर्मगुरू गणिती होता आणि संगीताचा मोठा अभ्यासकही. तार छेडल्यावर ती सेकंदाला किती वेळा कंप पावते, हे त्याला शोधायचे होते. वाद्याच्या तारेची कंपने डोळ्यांनी मोजणे अशक्य; म्हणून त्याने खूप लांब दोऱ्या ताणल्या, इतक्या लांब, की त्यांचे हेलकावे मोजता यावेत. त्यावरून काढलेले नियम त्याने १६३६ साली प्रसिद्ध केले. तार लांब केली, की कंपनसंख्या उतरते. ताण वाढवला, की ती चढते. पण दुप्पट चढवायची, तर ताण चौपट करावा लागतो. आणि तार जड असली, की कंपने संथ होतात. तंबोऱ्यात खर्जाची तार इतरांहून जाड का घेतात, त्याचे उत्तर या शेवटच्या नियमात आहे.

हे नियम एका ओळीत असे मांडता येतात:

ताण = एक मीटर तारेचे वस्तुमान × (२ × लांबी × कंपनसंख्या)²

आता प्रत्यक्ष आकडे घालू. फेंडर कंपनीच्या १९५४ सालापासूनच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारमध्ये तारेची कंप पावणारी लांबी ६४८ मि.मी. असते. पहिली तार ३२९.६ हर्ट्झला लावतात. दहाच्या पोलादी तारेचे वस्तुमान मीटरला सुमारे ०.४ ग्रॅम, नेमके सांगायचे तर ०.०००३९८ किलोग्रॅम. कंसातील गुणाकार येतो ४२७. हा आकडा म्हणजे तारेवरून धावणाऱ्या तरंगाचा वेग आहे, सेकंदाला ४२७ मीटर. हवेतल्या ध्वनीपेक्षाही जास्त! त्याचा वर्ग करून वस्तुमानाने गुणले, की ताण मिळतो सुमारे ७२.६ न्यूटन. म्हणजे एवढी बारीक असलेली ही तार ७.४ किलोग्रॅमचे ओझे टांगल्यासारखी ताणलेली असते.

नऊच्या तारेसाठी हेच गणित करा. ताण येतो ६ किलोग्रॅम. अकराच्या तारेसाठी जवळजवळ ९. तारेचे वस्तुमान तिच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून ताणही वर्गाच्या प्रमाणात वाढतो. नवाचा वर्ग ८१, दहाचा १००, अकराचा १२१. स्क्रूगेजवर दोन-तीन खुणांचा जो फरक दिसला, त्याने ताण सुमारे २३ टक्क्यांनी वाढला!

हा ताण बोटांना सर्वांत जास्त जाणवतो तो मींड घेताना. सतारवादक पडद्यावर तार बाजूला खेचून ‘सा’चा ‘रे’ करतो, तसेच गिटारवादकही करतो. ‘सा’पासून ‘रे’पर्यंत जायचे, तर कंपनसंख्या सुमारे १२ टक्क्यांनी वाढली पाहिजे आणि त्यासाठी ताण २६ टक्क्यांनी. पोलादाच्या स्थितिस्थापकतेवरून हिशेब केला, तर एवढा ताण वाढण्यासाठी तार फक्त १.२ मि.मी. लांब व्हावी लागते. गिटारच्या बाराव्या पडद्यावर, म्हणजे तारेच्या बरोबर मध्यावर, त्यासाठी ती सुमारे दोन सेंटिमीटर बाजूला न्यावी लागेल. गंमत अशी, की हे दोन सेंटिमीटर नऊच्या, दहाच्या आणि अकराच्या तारेला सारखेच! जोर मात्र वेगवेगळा लागतो: नऊच्या तारेला सुमारे ०.९ किलोग्रॅम, दहाच्या तारेला १.१, अकराच्या तारेला १.४. एकदा खेचायला हा फरक काहीच नाही. पण तासाभराच्या सरावात मींड शेकडो वेळा येते, आणि हा सगळा भार बोटाच्या टोकावरील तांदळाच्या दाण्याएवढ्या कातडीवर पडतो.

१९५० च्या दशकात अमेरिकेत गिटारच्या ज्या तारा मिळत, त्या बहुतेक जाड असत आणि तिसरी तारसुद्धा वर तार गुंडाळलेली असे. त्या काळी रॉक संगीत नवे होते आणि त्याला मींड हवी होती. जेम्स बर्टनसारख्या वादकांनी यावर युक्ती काढली. पहिल्या तारेच्या जागी बँजोची बारीक तार लावायची, गिटारची पहिली तार दुसरीच्या जागी, दुसरी तिसरीच्या जागी, असे सरकवत जायचे आणि उरलेली सहावी फेकून द्यायची! कॅलिफोर्नियात गिटारचे दुकान चालवणाऱ्या आणि शिकवण्याही करणाऱ्या अर्नी बॉल यांना आपल्या विद्यार्थ्यांची जाड तिसऱ्या तारेशी चाललेली झटापट दिसत होती. त्यांनी १९६२ च्या सुमारास मुद्दाम बारीक तारांचे संच बनवून घेऊन विकायला सुरुवात केली. १०, १३, १७, २६, ३६, ४६ हा आज जगभर खपणारा संच त्यांतूनच रूढ झाला.

बारीक तार म्हणजे नवशिक्याची तार, असे ज्यांना वाटते त्यांनी टोनी आयोमी यांची हकीकत ऐकावी. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरात ते पत्र्याच्या कारखान्यात काम करीत. १९६५ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, यंत्रात सापडून त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके तुटली. ते डावखुरे, म्हणजे तारा दाबण्याचा हात नेमका उजवाच. आता गिटार विसरा, असे त्यांना सांगण्यात आले. तेव्हा कारखान्यातल्या मुकादमाने त्यांना जँगो राइनहार्ट यांची ध्वनिमुद्रिका ऐकवली. राइनहार्ट यांच्या डाव्या हाताची दोन बोटे १९२८ साली आगीत निकामी झाली होती आणि उरलेल्या बोटांनी ते असे वाजवत, की ऐकणाऱ्याला शंकाही येऊ नये. आयोमींनी प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे घडवली, त्यांवर चामडे चिकटवले. पण टोपणाखाली तार किती दाबली गेली, हे कळत नाही आणि जाड तार खेचताना दुखते. बारीक तारांचे संच इंग्लंडमध्ये तेव्हा त्यांना मिळेनात, म्हणून त्यांनीही बँजोच्या तारा लावल्या. पुढे ब्लॅक सॅबथ या त्यांच्या वाद्यवृंदाने १९७१ साली काढलेल्या ध्वनिमुद्रिकेत बऱ्याच ठिकाणी गिटार तीन अर्धस्वर खाली लावलेली आहे. मेर्सेनच्या नियमाने पाहा: तीन अर्धस्वर उतरले, की ताण मूळच्या ७१ टक्क्यांवर येतो. हेवी मेटल नावाच्या संगीताचा तो घनगंभीर, खोल आवाज असा सैल तारांतून निघालेला आहे. जाड तारेशिवाय भारदस्त आवाज नाही, हे म्हणणे याच्यापुढे फारसे टिकत नाही.

“बारीक तार लवकर तुटते ना?” अशी शंका तुमच्या मनात आली असेल. ताणामुळे तुटण्यापुरते बोलायचे, तर येथेही एक नवल आहे. बारीक तारेवर ताण कमी आणि तिचे क्षेत्रफळही त्याच प्रमाणात कमी. साहजिकच दर चौरस मिलिमीटरवर येणारा ताण साध्या पोलादी तारेत जाडीवर मुळीच अवलंबून नसतो. लांबी आणि सूर कायम ठेवला, तर सातच्या आणि तेराच्या तारेतले पोलाद सारखेच ताणलेले असते. मोडण्याच्या मर्यादेच्या साधारण निम्म्यावर. बारीक तार तुटते ती घोडीवर घासून, गंज चढून, नाही तर वादकाच्या फटक्याने. त्या झिजेला पुरण्याइतके लोखंड तिच्यात नसते, हे मात्र खरे.

खालच्या सुरांच्या तारांवर दुसरी तार का गुंडाळतात? सहावी तार पहिलीच्या दोन सप्तके खाली असते. तोच ताण ठेवायचा, तर ती सोळा पट जड, म्हणजे चौपट जाड हवी. एक मिलिमीटरची भरीव पोलादी तार ही तार कसली, ती बारीक सळईच! तिच्या ताठरपणामुळे वरचे स्वरांश बेसूर होतात. म्हणून गाभा बारीक ठेवून वर गुंडाळीने वजन वाढवतात. वस्तुमान मिळते, पण ताठरपणा येत नाही. विद्युत गिटारला ही गुंडाळी निकेलची किंवा निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादाची लागते. कारण तारेखाली चुंबक आणि तांब्याच्या तारेचे वेटोळे बसवलेले असते. कंप पावणारी तार चुंबकीय क्षेत्र हलवते आणि फॅरडेने १८३१ साली दाखवलेल्या प्रवर्तनाने वेटोळ्यात विद्युतप्रवाह उपजतो. नायलॉनची तार येथे कितीही छेडा, ध्वनिवर्धक गप्पच राहील.

यावरून जाड तारेची बाजूही कळते. चुंबकापुढे जास्त लोखंड हलते, म्हणून तिचा विद्युतसंदेश जोरकस असतो. जोराने झंकारले, तरी ती फार हेलकावत नाही, म्हणून सूर डळमळत नाही. टेक्सासचे स्टीव्ही रे व्हॉन तेराच्या तारा वाजवत. तेही अर्धा स्वर उतरवून. त्यांच्या पहिल्या तारेवरचा ताण हिशेबाने ११ किलोग्रॅमच्या वर जातो. बोटांची कातडी फाटली, की ते चिकटद्रव्याने ती जोडून घेत. त्याच टेक्सासचे बिली गिबन्स आज सातच्या तारा वापरतात, ताण जेमतेम साडेतीन किलोग्रॅम. बी. बी. किंग यांनी आपली गिटार हातात घेऊन “इतके कष्ट कशासाठी?” असे विचारले होते, अशी आठवण ते सांगतात. दोघांचेही वादन नावाजलेले आहे. माझे मत विचाराल, तर शिकणाऱ्याने नऊपासून सुरुवात करावी, आणि झंकारताना सूर हलतो आहे असे स्वतःच्या कानाला वाटले, तर दहाकडे जावे. नुसता आवाज मोठा हवा असेल, तर ध्वनिवर्धकाला कळ असते.

तारा बदलल्या, की गिटारलाही ते कळते. दहाच्या संचाचा एकूण ताण सुमारे ४७ किलोग्रॅम, नऊच्या संचाचा ३८ ते ३९. दांडीवरचे आठ-नऊ किलोग्रॅम एकदम कमी झाले, की ती किंचित मागे झुकते आणि तारा पडद्यांना लागून खरखरतात. दांडीच्या पोटात यासाठी एक पोलादी सळई असते. गिब्सन कंपनीच्या थॅडियस मॅकह्यू यांनी १९२० च्या दशकात ती रूढ केली. तिचा नट एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवू नये आणि पहिल्यांदा जाणकाराकडूनच फिरवून घ्यावा. स्प्रिंगांवर तरंगणारी घोडी असली, तर स्प्रिंगांचा तोलही नव्याने साधावा लागतो. जाड तारा लावताना दांडीच्या टोकाची खाच अरुंद पडते. तार तीत अडकली, की सूर लागता लागत नाही.

गिब्सनच्या गिटारींत तारेची लांबी कमी, सुमारे ६२८ मि.मी. असते. म्हणून दहाच्याच तारा त्यांवर मऊ लागतात. पहिल्या तारेचा ताण ७.४ ऐवजी ७ किलोग्रॅमच्या आसपास येतो. आता हे उदाहरण तुम्हीच सोडवा: एका विद्यार्थिनीला ६२८ मि.मी.च्या गिटारवर दहाच्या तारांची सवय आहे. तिला ६४८ मि.मी.ची गिटार मिळाली. सूर तेच ठेवून पहिल्या तारेवर पूर्वीइतकाच ताण हवा असेल, तर तिने कितीची तार घ्यावी? ताण सारखा ठेवायचा, तर लांबी आणि जाडी यांचा गुणाकार कायम राहिला पाहिजे, एवढे सूत्रावरून ताडून पाहा. उत्तर ९.७ येईल. दुकानात साडेनऊचाही संच मिळतो.