गॅलरीतली मिरची फुलते, पण फळ धरत नाही



उसाच्या अंकात मिरचीची गोष्ट कशाला, असे काही जण म्हणतील. पण आपल्यापैकी कित्येकांची मुले-सुना आज नोकरीधंद्यानिमित्त वसई, नालासोपारा, विरार या बाजूला राहतात. गावाहून जाताना मिरचीचे बी पुडीत बांधून नेतात, कुंडीत लावतात. झाड फुलाने लगडते आणि चार दिवसांत सगळी फुले खाली! गेल्या मार्चमध्ये विरारला एका सभासदाच्या सूनबाईंनी आम्हाला हेच दाखविले. बी त्यांच्या सासूबाईंच्या परड्यातले. गावी आता सगळे संकरित रोपे आणतात, त्यामुळे ते बी तिकडे कोणाकडेच उरले नाही. राहिली ती पाच झाडे, तिसऱ्या मजल्यावर. म्हणून हा प्रपंच.

लाल भोपळ्याचे नर फूल वेगळे, मादी फूल वेगळे. सकाळी नर फूल तोडून मादीवर टेकवायचे, हे आपल्या घरच्या बायकांना सांगावे लागत नाही. मिरचीचे तसे नाही. एकाच फुलात मधोमध स्त्रीकेसर आणि भोवती पाच-सहा पुंकेसर असतात. पराग वीतभरही जायचा नसतो, पण तो हलवायला कोणी तरी लागते. शेतात वारा आणि मधमाशी हे काम फुकट करतात. काचा सरकवून बंद केलेल्या गॅलरीत वारा नाही आणि तिसऱ्या मजल्यावर माशी फिरकेलच असे नाही.

मग ते काम आपण करावे. फूल सकाळी उमलते आणि थोड्या वेळाने पुंकेसर फुटून पराग मोकळा होतो. साधारण आठ ते अकरा ही वेळ धरावी. फांदीला बोटाने हलक्या टिचक्या मारल्या तरी पुष्कळदा भागते. नाही तर रंगाचा मऊ ब्रश किंवा काडीला गुंडाळलेला कापूस घ्यावा, फुलात अलगद फिरवावा, पिवळसर भुकटी लागली की मधल्या टोकाला टेकवावी. दोन-तीन दिवस रोज करावे. घाई करून खुपसू नये, स्त्रीकेसर मोडला की फूल गेलेच. फळ धरले तर पाकळ्या सुकतात आणि देठ हिरवा राहतो. देठ पिवळा पडला की ते फूल गळणार समजावे. पराग अपुरा पडला तर आत बी कमी भरते आणि मिरची आखूड, वाकडी होते.

मात्र ब्रश म्हणजे जादूची कांडी नव्हे. दिवसाचा पारा ३५ अंशांच्या वर गेला आणि रात्रही गार होईना, की परागच कमजोर होतो. वसईकडे समुद्र जवळ, एप्रिल-मे महिन्यांत रात्रीही घाम फुटतो. दमट हवेत पराग चिकटून बसतो. तेव्हा दुपारची सावली करावी, पाणी थोडे पण नियमित द्यावे. युरियाची चिमूट तर टाकूच नये. नत्र जास्त झाले की झाड पानांनी माजते, फूल टाकते. उसाला खताचे पोते ओतायची सवय कुंडीत चालत नाही! पाने वाकडी होऊन चुरडा-मुरडा दिसला तर आधी फुलकिडे आणि कोळी यांचा बंदोबस्त करावा.

सूनबाईंचा दुसरा प्रश्न आम्हाला जास्त महत्त्वाचा वाटला. शेजारच्या गॅलरीत भोपळी मिरची आहे, तिच्यामुळे आमची मिरची फिकी होईल का? यंदाची होणार नाही. फळाचा गर आणि तिखटपणा साठवणारी आतली पांढरी शीर आईच्याच झाडाची असते. फरक पडतो तो बियांत, आणि दिसतो पुढच्या वर्षी. मिरचीत परपराग बराच होतो, म्हणून बी राखायचे असेल तर उद्या उमलणारी कळी आज संध्याकाळी मलमलीच्या छोट्या पिशवीत बांधावी. सकाळी पिशवीवरूनच टिचकी द्यावी. फळ धरल्यावर पिशवी काढून देठाला रंगीत दोरा बांधावा, म्हणजे भाजीला कोणी तोडणार नाही.

आपण ऊस टिपरीने लावतो, त्यामुळे परागाशी आपला संबंध येत नाही. उलट तुरा दिसला की वजन घटणार म्हणून आपल्या पोटात गोळा येतो. पण १९१२ साली कोइमतूरला ऊस पैदास केंद्र निघाले ते या तुऱ्यासाठीच. तिथे बार्बर आणि वेंकटरामन यांनी गोड उसाचा रानटी उसाशी संकर केला आणि १९१८ साली को २०५ बाहेर पडला. आपला को ८६०३२ हा तिथलाच, ‘को’ म्हणजे कोइमतूर. तेथे कोणता पराग कोणत्या तुऱ्यावर पडू द्यायचा हे माणूस ठरवतो. गॅलरीतल्या मलमलीच्या पिशवीचे काम त्याच जातीचे.

दोऱ्याची मिरची झाडावरच पूर्ण लाल होऊ द्यावी. बी काढून सावलीत आठ दिवस वाळवावे, कडक उन्हात नको. कोरड्या बाटलीत चुलीची राख घालून बूच घट्ट लावावे आणि चिठ्ठीवर वर्ष लिहावे. पाच झाडांपैकी तीन-चार झाडांचे बी एकत्र करावे, एकाच फळावर भिस्त ठेवू नये. मृगाआधी निम्मे बी गावी पाठवावे. ज्यांच्या परड्यात जागा असेल त्यांनी गट ऑफिसात नाव सांगून ठेवावे, विरारची पुडी आली की आम्ही पोचवू.